ताठ कण्याचा अर्थ

स्मरणिकेसाठी लेख लिहावयाचा म्हणजे संस्थेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, संस्थापकांच्या त्यागाचे स्मरण करावे आणि पुढील पिढीस शुभेच्छा द्याव्यात, असा प्रघात आहे. तो योग्यच आहे आणि या अंकात इतर मान्यवरांनी तो आमच्याहून अधिक अधिकाराने पाळला असेल. आम्ही मात्र संपादक मंडळाच्या अनुमतीने एका मुलीच्या पाठीविषयी लिहिणार आहोत. ती मुलगी आमची लेक. आठवी ते दहावी ही तीन वर्षे तिने आपल्याच विद्यालयाच्या वसतिगृहात काढली आणि त्यांतील बहुतेक काळ तिच्या अंगावर काखेपासून कमरेखालपर्यंत कडक प्लास्टिकचा ब्रेस होता. या लेखातील ‘आम्ही’ म्हणजे तिचे आई-बाबा. दोघेही पेशाने शिक्षक. हा लेख तिला विचारून लिहिला आहे. “नाव घालू नका, बाकी सगळे लिहा, आपले चुकले तेही लिहा,” एवढीच तिची अट होती.

आपल्या सभा-संमेलनांतून ‘ताठ कण्याने जगा’ हे वाक्य आम्ही स्वतः शेकडो वेळा उच्चारले आहे. स्वाभिमानाला आपण कण्याची उपमा देतो, लाचाराला कणा नसलेला म्हणतो. ज्या दिवशी आमच्याच लेकीचा कणा वाकला असल्याचे एक्स-रेच्या काचेवर दिसले, त्या दिवसापासून ही उपमा आमच्या तोंडी सहज येईनाशी झाली. ताठ कणा म्हणजे काय, याचा विचार आम्हांस नव्याने करावा लागला. तो विचार समाजबांधवांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

हे लक्षात आणून दिले ते डॉक्टरांनी नव्हे, टेलरने. सातवीची परीक्षा संपल्यावर आठवीच्या गणवेशाचे माप द्यावयास आम्ही गेलो. टेलरने खांद्यापासून कमरेपर्यंत दोनदा टेप धरला आणि म्हणाला, “सर, पोरीची एक बाजू जास्त येते. शिवण वर ओढली जाईल.” आम्ही हसण्यावारी नेले. ‘दप्तर एकाच खांद्यावर घेते, दुसरे काय!’ असे म्हणालो. घरी आल्यावर तिच्या आईने तिला पाठमोरी उभी केली. उजवा खांदा उंच होता, उजव्या पाठीचे पाते पुढे आलेले दिसत होते आणि कमरेची एक बाजू सपाट होती. पाय जुळवून, हात खाली सोडून पुढे वाकावयास सांगितले, तेव्हा पाठीचा उजवा भाग डाव्यापेक्षा स्पष्ट उंच दिसला. विल्यम अॅडम्स या इंग्रज शल्यचिकित्सकाच्या नावाने ही वाकून पाहण्याची तपासणी वैद्यकात एकोणिसाव्या शतकापासून ओळखली जाते, हे आम्हांस नंतर समजले. तिला ना यंत्र लागते ना पैसा. पाहणारा डोळा तेवढा लागतो. तो डोळा दोन पदवीधर शिक्षकांच्या घरात नव्हता, टेलरच्या दुकानात होता, हे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो.

नागपूरच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी उभ्या स्थितीत एक्स-रे काढला आणि सत्तावीस अंशांची वक्रता सांगितली. या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. कणा बाजूला झुकतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती थोडा पिळलाही जातो. वक्रता किती, हे मोजण्याची आजची पद्धत अमेरिकन अस्थितज्ज्ञ जॉन कॉब यांनी १९४८ साली मांडली. दहा अंशांच्या वर वक्रता असेल तरच तिला स्कोलिओसिस म्हणतात. दहा ते अठरा या वयोगटातील शंभर मुलांपैकी सुमारे दोन ते तीन मुलांत ती आढळते. म्हणजे चारशे विद्यार्थ्यांच्या निवासी शाळेत अशी आठ-दहा मुले असू शकतात. त्यांतील बहुतेकांना उपचारांची गरजही पडत नाही. मात्र वाढत जाणारी मोठी वक्रता मुलांपेक्षा मुलींत कितीतरी अधिक दिसते.

‘कशामुळे झाले?’ हा आमचा पहिला प्रश्न होता. किशोरवयातील बहुसंख्य रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही. आनुवंशिकतेचा काही वाटा असतो, एवढेच आज सांगता येते. दप्तराच्या ओझ्याने, पोक काढून बसण्याने किंवा लहानपणी पडल्याने ही वक्रता येत नाही. हे ऐकून आम्हांस हायसे वाटावयास हवे होते. पण माणसाचे मन मोठे विचित्र! कारण नाही म्हटल्यावर ते कारण शोधू लागते. आमच्या घरी येणाऱ्यांनी ते शोधूनही दिले. कुणी ग्रहण सांगितले, कुणी दृष्ट सांगितली. नात्यातल्या एका वृद्ध मावशींनी तर ‘मागच्या जन्मीचे काही असेल’ असे म्हणून उसासा टाकला. आमच्या घरात तथागत आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांखाली बसून त्या हे बोलत होत्या. गतजन्मीच्या कर्माने आजचे दुःख समजावून सांगण्याचा सिद्धान्त अन्यायाला किती सोयीचा असतो, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात किती परखडपणे तपासले आहे! जो सिद्धान्त आपल्या जातीला लावला म्हणून आपण तो धिक्कारला, तोच आपल्या लेकीच्या पाठीला लावावयास आपण तयार कसे होतो?

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. म्हणून थोडे मागे जाऊन पाहू. वाकड्या शरीरात वाकडे मन असते, ही समजूत फार जुनी आणि फार दूरवर पसरलेली आहे. रामायणातील मंथरा कुबडी आहे आणि कारस्थानीही आहे. श्रोत्याला दोन्ही गोष्टी एकच वाटाव्यात अशीच ती रचना आहे. शेक्सपिअरने इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड रंगविला तो विद्रूप आणि म्हणूनच दुष्ट. त्या राजाचा सांगाडा २०१२ साली लेस्टर शहरात एका वाहनतळाखाली सापडला. त्याच्या कण्यात खरोखरच मोठी वक्रता होती. ती किशोरवयात सुरू झालेली होती, म्हणजे नेमका आमच्या लेकीचाच विकार. परंतु नाटकात दाखविलेला वाळलेला हात मात्र त्या सांगाड्याला नव्हता. व्यवस्थित शिवलेल्या वस्त्रात त्याची पाठ फारशी लक्षात आली नसती, असे अभ्यासकांचे मत आहे. एका आजारी पाठीवर शतकानुशतके किती थर चढविले गेले, ते पाहा. आपली भाषाही यातून सुटलेली नाही. वाकडी नजर, वाकडे पाऊल, वाकडे बोलणे आणि त्याविरुद्ध सरळ माणूस, सरळ मार्ग! वर्गात हे शब्द आम्ही सहज वापरीत होतो. ते शब्द ऐकत आमची लेक पुढच्या रांगेत बसली होती, हे आम्हांस फार उशिरा सुचले. या भाषेला आपल्याच मातीतून पहिले उत्तर दिले ते चोखोबांनी. वाकड्या उसाचा दाखला देऊन बाहेरच्या रूपावरून आतल्या रसाची पारख करू नका, असे त्यांनी चौदाव्या शतकात बजावले. ज्या तीन संतांना बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ अर्पण केला, त्यांत चोखामेळा आहेत, याचेही येथे स्मरण व्हावे.

आता ब्रेसविषयी. वाकलेले शरीर बाहेरून आधार देऊन सावरण्याचा प्रयत्न जुना आहे. सोळाव्या शतकात आंब्रवाज पारे या फ्रेंच शल्यचिकित्सकाने चिलखते बनविणाऱ्यांकडून लोखंडी पत्र्याचे कवच करवून घेतले होते. विसाव्या शतकात गळ्याभोवती कडे असलेला मिलवॉकी ब्रेस आला, १९७०च्या दशकात कपड्याखाली झाकला जाणारा बोस्टन ब्रेस आला. आमच्या लेकीला मिळाला तो याच दुसऱ्या प्रकारचा. तो बनविण्यासाठी तिच्या धडाचा प्लास्टरचा साचा घेतला गेला. आतून विशिष्ट जागी गाद्या बसविलेल्या असतात. त्या वक्रतेच्या फुगीर बाजूवर दाब देतात आणि विरुद्ध बाजूला कण्याला सरकावयास मोकळी जागा ठेवलेली असते. डॉक्टरांनी दिवसाला अठरा तास सांगितले. आणि एक गोष्ट स्वच्छ सांगितली : ब्रेस कणा सरळ करण्यासाठी नाही. वाढीच्या वयात वक्रता पुढे जाऊ नये आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ नये, यासाठी तो आहे. साधारणतः पंचवीस ते चाळीस अंशांची वक्रता आणि वाढीचे वय शिल्लक असेल तेव्हाच त्याचा उपयोग. पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. हाडांची वाढ थांबली की ब्रेसचे काम संपले.

येथवर सारे ठीक होते. आमच्या चुकीला सुरुवात यापुढे होते.

जून महिन्यात वसतिगृहात सोडताना तिच्या ट्रंकेत ब्रेस ठेवताना आम्ही तिला म्हणालो, “बेटा, कुणाला सांगत बसू नकोस. सैल गणवेश शिवला आहे, कळणार नाही.” त्यामागे माया होती. लोक नावे ठेवतील, उद्या लग्नाच्या वेळी कुणी हे उकरून काढील, ही भीतीही होती. ती आम्ही तिला बोलून दाखविली नाही, पण तिला कळली. मुख्याध्यापकांना आम्ही ‘पाठीचा थोडा त्रास आहे’ एवढेच मोघम सांगितले. त्यानंतर दर रविवारी फोनवर आमचा एकच प्रश्न असे, “घालतेस ना?” आणि तिचे एकच उत्तर, “हो, बाबा.”

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा एक्स-रे काढला. सत्तावीसचे चौतीस अंश झाले होते. डॉक्टरांनी ब्रेस हातात घेऊन आतल्या गाद्या पाहिल्या. त्यांच्यावर वापराची खूण जवळजवळ नव्हती. त्यांनी शांतपणे तिला विचारले, “रोज किती वेळ?” ती म्हणाली, “रात्री. कधी कधी.”

बसमध्ये आम्ही तिच्यावर चिडलो. पैशांचा हिशेब काढला, पतसंस्थेचे कर्ज काढले ते बोलून दाखविले, ‘तुझ्याच भल्यासाठी’ हे शब्द वापरले. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. रात्री जेवण झाल्यावर ती स्वतःहून बोलली. ते बोलणे आम्ही विसरू शकत नाही.

“बाबा, त्याचे पट्टे पाठीमागे आहेत. माझे मला आवळता येत नाहीत. कुणाला सांगायचे नाही, तर आवळणार कोण?”

वाचकहो, इतकी साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. पाठीमागून बांधावयाची वस्तू लपवून वापरता येत नाही. तिची रचनाच दुसऱ्याच्या हाताची अपेक्षा करते. पुढे ती म्हणाली, “तुम्ही वर्गात सांगता, जात लपवू नका, आडनाव लपवू नका, लपवले की ते आपल्यालाच खाते. आणि मला मात्र लपवायला सांगितलेत.”

आम्हांस उत्तर सुचले नाही. आपल्या समाजातील कित्येक शिकलेली माणसे शहरात गेल्यावर आडनाव बदलतात, खोली मिळावी म्हणून खोटे बोलतात. त्यांची अडचण आम्हांस कळते. तरीही त्या लपविण्याने माणूस आतून कसा पोखरला जातो, यावर आम्ही अनेक व्याख्याने दिली होती. पण ते तत्त्व घराच्या उंबऱ्याबाहेरच राहिले होते. ताठ कण्याचे प्रवचन करणाऱ्या आम्हीच लेकीला मान खाली घालावयास शिकविले, ही आमची कबुली आहे.

सुट्टी संपल्यावर आम्ही तिच्यासोबत विद्यालयात आलो. या वेळी ब्रेस ट्रंकेत न ठेवता हातात घेऊन आलो. मुख्याध्यापक, गृहमाता आणि क्रीडाशिक्षक यांच्यापुढे तो टेबलावर ठेवला आणि सारे सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न तिलाच विचारला, “तुला काय अडचण येते?” तिने यादी सांगितली. मांडी घालून बसले की ब्रेसची खालची कड मांडीत रुतते आणि वरची छातीत. म्हणून पंगतीत बसता येत नाही, ताटापर्यंत वाकता येत नाही. पोटभर जेवले की दाब येतो. विहारात वंदनेच्या वेळी गुडघे टेकून वाकता येत नाही. स्नानाच्या रांगेत ब्रेस कुठे ठेवावा, कळत नाही. मुली त्याच्यावर टकटक वाजवितात आणि ‘डबा’ म्हणतात.

लगेच कुणीतरी सुचविले, “हिला जेवायला बाजूला खुर्ची-टेबल देऊ.” सूचना चांगल्या मनाने केलेली होती. पण लेकीचा चेहरा उतरला आणि आमच्याही पोटात खड्डा पडला. वेगळे बसणे हा आपल्यासाठी साधा शब्द नाही. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावास घरून आणलेल्या गोणपाटावर, इतर मुलांपासून दूर बसावे लागे. ती आठवण आपल्या समाजाच्या अंगात भिनलेली आहे. खुर्ची उंच असली म्हणून काय झाले, ती पंगतीच्या बाहेर असेल तर मुलाला ते गोणपाटच वाटणार.

मार्ग गृहमातांनी काढला. त्यांनी पंगतीच्याच टोकाला, त्याच ओळीत, एक लांब बाक आणि त्यापुढे तेवढेच लांब टेबल लावले आणि सांगितले, “ज्याला हवे त्याने येथे बसावे.” पहिल्या दिवशी तिच्यासोबत तिच्या दोन मैत्रिणी बसल्या. आठवड्याने पाय मोडलेला एक मुलगा बसू लागला. महिन्याने त्या बाकासाठी रांग लागली आणि गृहमातांना पाळ्या ठरवाव्या लागल्या. आमच्या मते या एका बाकात सवलत आणि बहिष्कार यांतील सारा फरक सामावलेला आहे. बहिष्कारात जागा दुसरा ठरवितो आणि ती ओळीबाहेर असते. सवलतीत जागा आपल्याला विचारून ठरते आणि ती ओळीतच असते.

बाकीच्या अडचणी मग सुटत गेल्या. वंदनेला ती उभी राहून हात जोडू लागली. खोलीतल्या एका मैत्रिणीने पट्टे आवळण्याचे काम आपणहून घेतले. पट्ट्यावर पेनाने खूण केली होती, त्या खुणेपर्यंत ओढावयाचे. सैल राहिला तर दाब पडत नाही, फार आवळला तर कातडी सोलते. सोण भिक्खूला तथागतांनी वीणेच्या तारांचे उदाहरण देऊन जे समजाविले, ते त्या दोघी रोज सकाळी पाठीवर अनुभवीत होत्या, असे म्हणावयास हरकत नाही.

ज्या पालकांवर ही वेळ येईल त्यांच्यासाठी काही अनुभवाच्या गोष्टी येथे नोंदवितो. ब्रेसखाली नेहमी बिनशिवणीची, अंगाबरोबर बसणारी सुती बनियन हवी. ती चुणीविना ताणून बसवावी. आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्यात ती दिवसातून दोन-तीनदा बदलावी लागते. त्वचेला तेल-क्रीम लावू नये. त्याने कातडी मऊ पडते. ब्रेस काढल्यावर उमटलेला लालसरपणा अर्ध्या तासात गेला तर चिंता नाही. टिकून राहिला किंवा फोड आला तर ब्रेस बनविणाऱ्या तंत्रज्ञांकडे जाऊन गादी दुरुस्त करून घ्यावी, घरी कापाकापी करू नये. अठरा तासांवर एकदम जाऊ नये, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावे. थोडे थोडे पण अधिक वेळा जेवण द्यावे. ब्रेस काढलेल्या तासांत पळणे, लेझीम, कबड्डी सारे करू द्यावे. खेळ बंद करणे हा उपचार नव्हे. फिजिओथेरपिस्टने शिकविलेले व्यायाम चालू ठेवावेत. दर चार-सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नये. मूल वाढते तसा ब्रेस लहान होतो, आम्हांसही तो एकदा नवा करावा लागला. आणि मणके ‘बसवून’ देणाऱ्यांच्या दारी मुलाला नेऊ नये.

या साऱ्याचा उपयोग होतो का? हा प्रश्न विचारणे हा आपला अधिकार आहे, कारण कशावरही तपासल्याविना विश्वास ठेवू नये ही आपली शिकवण आहे. अमेरिका आणि कॅनडा येथील रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. वाढ पूर्ण होईपर्यंत वक्रता पन्नास अंशांवर न जाणे, हे त्यात यश मानले होते. ब्रेस वापरणाऱ्यांत यशाचे प्रमाण ७२ टक्के होते, केवळ निरीक्षणाखाली असलेल्यांत ४८ टक्के. ब्रेसमध्ये उष्णता ओळखणारे सूक्ष्म उपकरण बसवून प्रत्यक्ष वापराचे तास मोजले होते. जी मुले दिवसाला सरासरी तेरा तासांच्या आसपास किंवा त्याहून अधिक वापरीत होती, त्यांच्यात यश नव्वद टक्क्यांच्या वर गेले. या आकड्यांतून आम्ही दोन गोष्टी शिकलो. एक, तास महत्त्वाचे आहेत. दोन, ब्रेस न वापरताही काहींची वक्रता थांबते, म्हणजे कुणाला याची गरज पडेल हे आधी नेमके सांगता येत नाही. हे दोन्ही आकडे आम्ही लेकीला दाखविले. काहीही न लपविता. त्यानंतर तासांची वही आम्ही तिच्याच हाती दिली. रविवारच्या फोनवर ‘घालतेस ना?’ हा प्रश्न आम्ही बंद केला आणि ‘या आठवड्यात काय जड गेले?’ असे विचारू लागलो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर खोटे देता येत होते, दुसऱ्याचे देण्याचे तिला कारण उरले नाही. कधी वहीत दहाच तास लिहिलेले असत, परीक्षेच्या दिवसांत आठ. पण ते खरे असत.

आता आमचे म्हणणे थोडक्यात मांडतो.

पालकांस आमची विनंती अशी की, मुलाचा आजार त्याच्या संमतीविना जाहीर करू नका आणि त्याच्या संमतीविना लपवूही नका. दोन्हींत मुलाला विचारणे राहून जाते. मुलीच्या बाबतीत लग्नाची चिंता तिच्या तेराव्या वर्षी तिच्या पाठीवर लादू नका. ज्या घराला हे चालणार नाही, ते घर तिच्या योग्यतेचे नाही, एवढे म्हणण्याचे बळ आधी आपण मिळवावे.

संस्थेस विनंती अशी की, तो बाक राहू द्यावा. आज तेथे ब्रेस घातलेले मूल नसेल, तरी राहू द्यावा. सर्व मुलांची सरसकट तपासणी करावी का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञगटाने २०१८ साली त्यासाठीचा पुरावा अपुरा ठरविला होता. म्हणून मुलांना ओळीत उभे करून घाबरविण्याची मागणी आम्ही करीत नाही. पण क्रीडाशिक्षक आणि गृहमाता यांना काय पाहावे हे कुणा तज्ज्ञाकडून एकदा शिकवून घ्यावे, शंका आली तर पालकांना खासगीत सांगावे आणि शासनाच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा त्या मुलाकडे मुद्दाम लक्ष वेधावे, एवढे सहज शक्य आहे.

कुणी म्हणतील, शिष्यवृत्त्या वेळेवर मिळत नाहीत, नोकऱ्या नाहीत, अत्याचार थांबत नाहीत. अशा काळात एका पोरीच्या पाठीचे काय घेऊन बसलात? त्यांना आम्ही वसतिगृहांचा इतिहास आठवण करून देतो. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हाही समाजापुढे प्रश्नांचा डोंगर होता. तरीही प्रथम मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय पाहिली गेली, कारण शिकावयास आलेले मूल आधी नीट जेवले आणि झोपले पाहिजे. निवासी विद्यालय म्हणजे शिकविण्याबरोबर सांभाळण्याचीही जबाबदारी. मूल ज्या शरीरानिशी आले आहे त्या शरीरानिशी त्याला ओळीत जागा देणे, हेच या संस्थांचे मूळ प्रयोजन होय.

शेवटी निकाल सांगणे प्राप्त आहे. दहावीच्या सुट्टीत वाढ पूर्ण झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि ब्रेस हळूहळू सुटला. वक्रता छत्तीस अंशांवर थांबली. शस्त्रक्रिया करावी लागली नाही. पाठ सरळ झाली नाही, आणि होणार नाही. पहिल्या पाच महिन्यांत गेलेले सात अंश आमच्या नावावर आहेत. ते परत येत नाहीत. ती मोठी झाल्यावरही काही वर्षांनी एक्स-रे काढून पाहावे लागेल, हे तिला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात महाविद्यालयासाठी तिचा नवा कुर्ता शिवावयाचा होता. दुकान तेच, टेलर तोच. दुकानात सणाची गर्दी होती. टेलरने टेप हातात घेतला आणि आमच्याकडे पाहून क्षणभर घुटमळला. त्याच्या आधी लेकच बोलली, सर्वांना ऐकू जाईल अशा नेहमीच्या आवाजात, “काका, उजवी बाजू अर्धा इंच जास्त घ्या. माझी पाठ वाकडी आहे.”

टेलरने माप लिहून घेतले. आम्ही तिच्या शेजारी उभे होतो. ताठ कण्याचा अर्थ आम्हांस त्या दिवशी त्या दुकानात कळला.